लाल, हिरवं आणि लांजेवार भाऊ

विमा कंपनीतून निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली, तरी लग्नाकार्यात कुणी भेटलं की अजूनही विचारतं, "ताई, माणूस गेल्यावर पैसे मिळतात ते तुमच्याकडेच ना?" मग मला सांगावं लागतं, की नाही बाप्पा, ते ऑफिस वेगळं. आमच्याकडे माणूस सोडून बाकी सगळं जातं. म्हैस जाते, मोटारसायकल जाते, राइस मिल जळते, दुकानात वैनगंगेचं पाणी शिरतं. ज्याचं नुकसान झालं तो कागद घेऊन येतो, आम्ही खरंखोटं पाहतो आणि भरपाई देतो. त्या मागणीला आमच्या भाषेत दावा म्हणतात. हे दावे हाताळण्यात माझी सगळी नोकरी गेली. मी कारध्याची. नदीवरचा पूल ओलांडला की भंडाऱ्याचं ऑफिस, त्यामुळे लांब बदली झाली नाही तेवढा काळ मी भाग्यवानच म्हणायची.

नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात कंपनीने सगळं काम 'डिजिटल' करायचं ठरवलं. संगणक आमच्याकडे आधीही होते, पण ते टाइपरायटरचे मोठे भाऊ म्हणून. पत्र टाइप करायचं, छापायचं, फाइलला लावायचं. आता फाइलच नाही. गिऱ्हाइकाने गोठ्यात उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा, तो थेट आमच्या पडद्यावर दिसायचा. जिल्ह्यातल्या सगळ्या शाखांना हे शिकवायला एक प्रशिक्षक हवा होता आणि नागपूरच्या विभागीय कार्यालयाने माझं नाव घातलं. पन्नाशी उलटलेली बाई का निवडली, याचं खरं कारण असं की तरुण मंडळी शिकवायला लागायच्या आधीच बदली मागून नागपूरला पळायची. मी कुठे पळणार नव्हते.

मी शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. शाखेत गेलं की पहिल्या दिवशी मी कुणालाही पडद्यासमोर बसवत नसे. आधी चहा, मग "तुमचं काम काय ते मला सांगा," आणि मग तेच काम पडद्यावर कुठे आहे ते दाखवायचं. घाबरणारी माणसं आठवडाभरात सरावायची. पवनीच्या शाखेतले एक गृहस्थ तर इतके रमले, की घरच्या वाणसामानाची यादीसुद्धा ऑफिसच्या संगणकावर करू लागले. त्यांना थांबवायला मला वेगळं प्रशिक्षण द्यावं लागलं.

या नव्या पद्धतीत दावे पडद्यावर एकाखाली एक दिसत. प्रत्येकाच्या पुढे एक रंगीत ठिपका. हिरवा म्हणजे कागद पूर्ण, पुढे पाठवा. पिवळा म्हणजे तपासणी चालू आहे, हात लावू नका. लाल म्हणजे काहीतरी कमी आहे, गिऱ्हाइकाला फोन करा. कुणी किती दावे बरोबर हाताळले आणि किती चुकवले, हे संगणक आपोआप मोजायचा आणि महिनाअखेरीला प्रत्येकाची कामगिरी नागपूरला दिसायची. पूर्वी साहेबाची मर्जी असली की माणूस कार्यक्षम ठरायचा. आता तसं नव्हतं, आणि मला ते आवडलं होतं.

अडचण आली ती तुमसरच्या शाखेत, आणि तीही लांजेवार भाऊंच्या बाबतीत.

लांजेवार भाऊ म्हणजे तुमसरच्या दाव्यांचं टेबल. मिलवाले, व्यापारी, गुराखी, सगळे त्यांना नावाने ओळखत. उंच, सडपातळ माणूस, आवाज मऊ. कागदावरच्या कामात त्यांची चूक काढायला कुणी धजत नसे. अशा माणसाची कामगिरी नवीन पद्धत आल्यावर घसरली, ती घसरतच गेली. पूर्ण असलेले दावे ते अडवून ठेवत आणि अपूर्ण दावे पुढे पाठवत. नागपूरहून मला फोन आला, "मॅडम, हा माणूस मुद्दाम करतो आहे की त्याला जमत नाही, ते बघा. नाहीतर त्यांना त्या टेबलावरून हलवू आणि बाहेर पाठवू." बाहेर म्हणजे गडचिरोलीच्या पार टोकाला, हे न सांगता कळत होतं.

मी तुमसरला गेले त्या दिवशी शाखेत पाऊल टाकायच्या आधीच आवाज ऐकू आला. एक म्हातारी बाई काउंटरवर हात आपटत होती. तिची म्हैस मेली होती आणि तिला कागद आणा म्हणून शाखेतून वारंवार फोन जात होते.

"भैस मेली तं तिचा कानातला बिल्ला देल्ला. फोटू देल्ला. डाक्टरचा कागद देल्ला," ती म्हणत होती. "आता पुन्हा कायले बलावून राहिले? मेलेली भैस आनू काय इथं उचलून?"

लांजेवार भाऊ हात जोडून उभे होते. "मावशी, चूक माझी झाली. तुमचे कागद पुरे आहेत. मी आत्ताच पाठवतो."

"पुरे आहेत तं फोन काहून केला?"

ते संगणकाकडे वळले. मी पडदा पाहिला. म्हातारीच्या दाव्यापुढे हिरवागार ठिपका होता. म्हणजे कागद पूर्ण असताना लांजेवार भाऊंनी तिला लाल ठिपकेवाल्यासारखं वागवलं होतं. शाखेतली माणसं माझ्याकडे अशा नजरेने बघत होती, की बघा, म्हातारं झालं आता हे.

मी दिवसभर त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. शिकवायचं काही नव्हतं, त्यांना सगळं येत होतं. बोटं झरझर चालत. सकाळी तर त्यांनी एकही चूक केली नाही. मला वाटलं, नागपूरवाले उगीच ओरडतात. पण दुपारनंतर चुका सुरू झाल्या. एका मिलचा दावा, ज्यात आगीच्या पाहणीचा अहवालच नव्हता, तो त्यांनी सरळ पुढे पाठवला. मी थांबवलं तर म्हणाले, "हो, हो, नजर चुकली," आणि रुमालाने कपाळ पुसलं. हिवाळ्याचे दिवस होते.

सकाळी बरोबर आणि दुपारी चूक, हे कोडं माझ्या डोक्यात राहिलं. माणूस थकतो म्हणावं तर ते थकलेले दिसत नव्हते, घाबरलेले दिसत होते. मग लक्षात आलं, की संगणक सकाळी यादी लावून देतो. सगळे लाल वर, मग पिवळे, खाली हिरवे, त्यामुळे रंग न बघताही जागेवरून अंदाज येतो. दिवसभरात नवीन दावे येत जातात आणि यादी मिसळते. दुपारी रंग बघूनच काम करावं लागतं.

पाच वाजता लांजेवार भाऊ मला स्कूटरवर तुमसर रोड स्टेशनला सोडायला आले. फलाटावर आम्ही चहा घेत उभे होतो. ते रुळांकडे बघत म्हणाले, "वरचा लागला. आली तुमची गाडी."

"वरचा म्हणजे?"

"सिग्नलचा वरचा दिवा."

"हिरवा म्हणा ना सरळ."

ते चहाचा कप उगीच फिरवत राहिले. मी विचारलं, "लांजेवार भाऊ, तो दिवा तुम्हाला हिरवा दिसतो का?"

"मॅडम, गाडी चुकन तुमची."

"चुकू द्या. मागून दुसरी आहे."

गाडी आली, थांबली आणि गेली. ती गेल्यावर ते बाकावर बसले आणि पहिल्यांदाच मोकळं बोलले.

"लहानपनापासून असंच आहे. लाल, हिरवं मले एकाच मातकट रंगाचं दिसते. पिवळंबी त्यातच मिसळते. रेल्वेत हिरवा वर असते, रस्त्यावर लाल वर असते, हे मी पाठ करून ठेवलं. टमाटर घेतो तं दाबून घेतो. ऑफिसात कधी अडलं नाही. पांढरा कागद, काळी शाई. काय अडन? आता हे ठिपके आले अन् मी आंधळा झालो."

"मग सांगितलं का नाही? कुणी खाल्लं असतं का तुम्हाला?"

"पोरीसाठी स्थळ पाहून राहिलो, मॅडम." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "डॉक्टरनं मले सांगतलं होतं. बापाले असलं तं पोरीले काही होत नाही, पन तिच्या पोराइले होऊ शकते. लोकं एवढं बारीक थोडीच ऐकतीन? लांजेवाराच्या घरात डोळ्याचा दोष आहे, इतकंच ऐकतीन. मंग माझ्या दारात कोन येईन? मले शब्द द्या, कोनाले सांगनार नाही म्हनून. मी बदली घेतो. गडचिरोली तं गडचिरोली."

मी शब्द दिला. बदली मात्र घेऊ देणार नाही, असंही सांगितलं. पुढच्या गाडीत बसल्यावर वाटलं, आपण कशाच्या जोरावर एवढं बोलून बसलो. कारण सांगायचं नाही आणि काम तर करून घ्यायचं.

आधी मी रीतसर नागपूरला कळवलं, की ठिपक्यांच्या आत एखादं अक्षर टाकावं, काम सोपं होईल. उत्तर आलं, की पद्धत सगळ्यांसाठी एक आहे, एका शाखेच्या सोयीसाठी बदलता येणार नाही. कर्मचाऱ्यांना आणखी प्रशिक्षण द्यावं. म्हणजे चेंडू पुन्हा माझ्याच अंगणात.

थोड्याच दिवसांत नागपूरला आढावा बैठक होती. विभागीय साहेब, शाखांचे व्यवस्थापक, आणि ही सगळी पद्धत बनवणाऱ्या कंपनीचा पुण्याहून आलेला अनिकेत नावाचा अभियंता. कमी कामगिरीवाल्यांची नावं पडद्यावर दाखवली गेली, त्यात लांजेवार पहिले. साहेब म्हणाले, "यांच्या बदलीचं आजच ठरवून टाकू."

मी म्हणाले, "साहेब, त्याआधी मला थोडा वेळ द्या. प्रशिक्षक म्हणून एक सराव घ्यायचा आहे. सगळ्यांनी करायचा."

संगणकात पडदा काळापांढरा करायची सोय असते. ती मी आदल्या दिवशी शोधून ठेवली होती. मी माझा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि दाव्यांची यादी उघडली, दुपारी मिसळलेली असते तशी. भिंतीवर नुसते करडे ठिपके उमटले.

"मॅडम, प्रोजेक्टर बिघडला वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"प्रोजेक्टर ठीक आहे. यातले पूर्ण दावे पुढे पाठवा. साहेब, तुमच्यापासून सुरुवात करू."

साहेब हसत उठले. पहिला दावा पाठवला, चुकला. दुसरा पाठवला, तोही चुकला. मग गोंदियाचे व्यवस्थापक आले, ते प्रत्येक दावा उघडून वाचायला लागले, तर मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, अशानं संध्याकाळ होईल!" खोलीत हशा पिकला. मी मुद्दाम बऱ्याच जणांना उठवलं. संगणकाने आपल्या इमानदारीप्रमाणे सगळ्यांची कामगिरी मोजली आणि सगळे लांजेवारांच्या खाली गेले.

"असं कोण काम करेल?" साहेब म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"कुणाचा पडदा जुना असतो साहेब, कुणाच्या पडद्यावर खिडकीतलं ऊन येतं. कुणाला रंग नीट ओळखू येत नाही, कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असतं. कारण काहीही असो. आपलं काम नुसत्या रंगावर का अडावं? ठिपक्यात एक अक्षर टाकलं तर काय बिघडेल?"

चार कारणांच्या मधे मी लांजेवार भाऊंचं कारण बसवून टाकलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे मला तसं वाटलं. अनिकेत मात्र माझ्याकडे टक लावून बघत होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, अगदी छोटा बदल आहे. लगेच करून देतो. आम्हाला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं." मग त्याने विचारलं, "आणि ज्यांची कामगिरी या ठिपक्यांमुळे पडली असेल, त्यांच्या बदल्या तोवर थांबवता येतील का?" हे त्याने विचारलं, मी नाही. त्या पोरसवदा अभियंत्याबद्दल माझ्या मनात तेव्हापासून आदर आहे.

ठिपक्यांत अक्षरं आली. पूर्णला 'पू', तपासणीला 'त', अपूर्णला 'अ'. अंगणवाडीतल्या मुलालाही जमेल असं काम. लांजेवार भाऊंच्या चुका थांबल्या. चुका थांबल्यावर भीती गेली, आणि भीती गेल्यावर त्यांना ही नवी पद्धत चक्क आवडायला लागली. गोठ्यातला फोटो सकाळी आला की दुपारपर्यंत दावा पुढे. पूर्वी त्याच कामासाठी माणूस एसटीने खेपा घालायचा. एकदा मला फोनवर म्हणाले, "मॅडम, आता मले समजून राहिलं, हे कायले आणलं ते."

दुसरीही एक गोष्ट झाली. इतर जिल्ह्यांमधून मला फोन यायला लागले. बोलणारे सगळे पुरुष, आणि सगळे जरा अडखळत. "मॅडम, ते अक्षरांचं तुम्ही सुचवलं म्हणे. बरं झालं." बस, एवढंच. मी कुणालाही पुढे विचारलं नाही. पण वाईट वाटलं. ही पद्धत आल्यापासून काही जणांनी दाव्यांचं टेबल सोडलं होतं, काहींनी लवकर निवृत्ती घेतली होती. त्यांच्या नावापुढे 'नवीन काम जमत नाही' असं लिहिलं गेलं. त्यातल्या किती जणांना फक्त एक अक्षर हवं होतं, ते आता कोण सांगणार?

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी भंडाऱ्याला एका सभागृहात मोठं प्रशिक्षण झालं. नुकसानीच्या जागेवर जाऊन पाहणी करणाऱ्यांसाठी मोबाइलचं नवीन ॲप आलं होतं. शिकवायला नागपूरचे एक अधिकारी होते. मी मागच्या रांगेत होते आणि लांजेवार भाऊंना मदतनीस म्हणून तुमसरहून बोलावलं होतं. आता त्यांना लोक मदतीला बोलवत, याचा मला कोण आनंद!

ॲपमध्ये मात्र पुन्हा तेच. दोन गोल बटणं, एक लाल आणि एक हिरवं, अक्षर नाही. पवनीकडचे हटवार म्हणून एक पाहणीवाले होते, चाळिशीतले, दोन लेकरांचे बाप. अधिकाऱ्यांनी त्यांना पुढे बोलावून करून दाखवायला सांगितलं आणि त्यांनी चुकीचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा चुकलं.

"अहो, हिरवं म्हणतो तर लाल दाबता!" अधिकारी माइकवरून म्हणाले. "लक्ष कुठे आहे तुमचं? लहान मुलालासुद्धा कळतं हे."

सभागृह हसलं. हटवारांनी मोबाइलवरून मान वर केली नाही. कान तापलेले मला मागच्या रांगेतूनही दिसत होते. मी उठायच्या बेतात होते, तेवढ्यात भिंतीजवळ उभे असलेले लांजेवार भाऊ पुढे आले.

"साहेब, त्याइले रागावू नका," ते म्हणाले. माइक नव्हता, पण आवाज सगळीकडे पोहोचला. "त्याइले लाल-हिरवं वेगळं दिसत नसन. मलेबी नाही दिसत. जन्मापासून."

 अधिकाऱ्यांनी माइक खाली घेतला.

"मंगाशी हसले ते माझ्यावरबी हसू शकतात," लांजेवार भाऊ पुढे म्हणाले. "पन पडद्यावर अक्षर टाकल्यापासून माझं काम कसं आहे ते नागपूरले विचारा. मोबाइलवरबी टाका. मंग हटवार तुमच्या पुढं जातीन."

अधिकाऱ्यांनी त्याच जागेवरून हटवारांची माफी मागितली, हेही सांगायला हवं. सगळेच साहेब वाईट नसतात.

चहाच्या वेळी हटवार कप घेऊन लांजेवार भाऊंच्या जवळ गेले.  मग हटवारांनी विचारलं, "भाऊ, हा तुमचा शर्ट कोनत्या रंगाचा आहे?"

"मले काय माहीत? बायको काढून देते."

दोघे इतके हसले की लोक वळून पाहायला लागले. पण गर्दी पांगल्यावर लांजेवार भाऊ माझ्याकडे आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"येत्या रविवारी पाव्हणे पसंती सांगाले येऊन राहिले, मॅडम. हॉलमध्ये तुमसरचे लोकं होते. बातमी माझ्या आधी पोचन."

"मग तुम्ही आधी पोहोचा," मी म्हणाले. "स्वतःच्या तोंडाने सांगा. आज एवढ्या लोकांसमोर सांगितलंत, ते तर मोजकेच आहेत."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या वेळेला त्यांचा फोन आला. घरी गेल्यावर त्यांनी बायकोला आणि मुलीला समोर बसवलं होतं. मुलगी प्रणाली, तिथल्याच एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. भाऊंनी सभागृहात काय झालं ते सांगितलं आणि म्हणाले, उद्या मुलाच्या घरी जाऊन मी हे त्यांच्या कानावर घालतो, मग जे व्हायचं ते होईल.

"तं पोरगी म्हनते, बाबा, जायची गरज नाही, त्याले माहीत आहे. मी पहिल्याच भेटीत सांगतलं. मी म्हनलो, तुले कसं माहीत? तं म्हनते, शाळेच्या पुस्तकात होतं. मंग मी, बाबा, तुमच्यावरच करून पाह्यलं, लाल पेन मागतला की तुम्ही हिरवा आनून देत होते. आईलेबी माहीत आहे." त्यांनी श्वास घेतला. "सगळ्याइले माहीत होतं मॅडम, अन् मी एकटाच लपवून राहिलो होतो."

"आणि मुलगा काय म्हणाला?"

"पोरगा म्हने, आपल्याले मुलगा झाला अन् त्याले असलं, तं कसं करायचं ते आजोबा शिकवतीन."

  मग ते म्हणाले, "ठेवतो, मॅडम. यादी उघडायची आहे."